वाड्याबाहेरचा नट



विषय निवडायची मोकळीक तुम्ही दिलीत आणि मी नटांचा विषय काढला. बालाघाटात मराठी व्याख्यान म्हटलं, की भाषेचा प्रश्न, सीमेचा प्रश्न, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे एकीकडे गेले आणि बालाघाट दुसरीकडे राहिला ती जुनी बोच, असं काहीतरी लोक धरून येतात. त्यावर माझ्याहून अधिकाराने बोलणारे या सभागृहातच बसलेत. मी बोलणार आहे ते सिनेमात एकाच तऱ्हेच्या भूमिकेने नाव झालेल्या आणि मग नाटकात येऊन साधी, म्हातारी, मोडकी, प्रसंगी किळसवाणी माणसं उभी करणाऱ्या नटांबद्दल.

हा विषय मुंबई-पुण्याचा आहे असं वाटेल. मला तो इथला जास्त वाटतो. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दिवाळीनंतर मंडया भरतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या मंडईत रात्रभर नाटक चालतं आणि नाटकाच्या फलकावर सगळ्यात मोठा फोटो असतो मुंबईहून आलेल्या सिनेमातल्या किंवा मालिकेतल्या नटाचा. त्याच मंडईत दुपारी दंडार होते, तिथे बाईचं काम करणारा गडी सकाळी शेतावर धान बांधून आलेला असतो. एकाच गावात, एकाच दिवशी, नटाच्या धंद्याची ही दोन टोकं दिसतात. मुंबईत बसून ती दिसत नाहीत.

आणि सिनेमा तर तुमच्या दारातच आला होता. ‘शेरनी’चं चित्रीकरण २०२० मध्ये बालाघाटच्या जंगलात झालं. तुमच्यापैकी काहींनी विद्या बालन यांना इथे पाहिलंही असेल. ‘द डर्टी पिक्चर’मध्ये झगमगाटात न्हालेली ही नटी इथे सुती कपड्यांत, रंगरंगोटी न करता, वनखात्याची अधिकारी होऊन जंगलात फिरली. मग सिनेमातही हे होतंच की, नाटक कशाला हवं? प्रश्न रास्त आहे. फरक एवढाच, की पडद्यावर नटाने किती साधं दिसायचं हे प्रकाशचित्रकार, दिग्दर्शक आणि संकलक मिळून ठरवतात. चेहरा कधी जवळून दाखवायचा, कधी नाही, घाम ठेवायचा की पुसायचा, हे नटाच्या हातात नसतं. रंगमंचावर पडदा उघडला की दिग्दर्शक घरी जाऊ शकतो. नट एकटा असतो, आणि डोक्यापासून पायापर्यंत दिसत असतो.

छाप पडते कशी, हे आधी बघू. आपण सहज म्हणतो की निर्माते आळशी असतात, एकदा चाललेलं परत परत विकतात. खरं आहे, पण अर्धंच. सत्तरच्या दशकातला मराठी ग्रामीण सिनेमा तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्येही चालायचा. मागच्या बाजूला पोरं रडतायत, कोणी उशिरा येतंय, कोणी शेंगा फोडतंय. अशा ठिकाणी माणूस पडद्यावर आला की तो कोण हे लगेच कळायला हवं. नायिका कोण, सोंगाड्या कोण, पाटील कोण. चेहरा ओळखीचा असला की पटकथेची दहा मिनिटं वाचतात. निर्मात्याला ही बचत हवी असते, वितरकाला हवी असते आणि तुम्हा-आम्हालाही हवी असते. आपण पैसे मोजतो ते त्याच ओळखीसाठी.

प्रेक्षकाची ही पकड किती घट्ट असते, याचा मराठीतला सगळ्यात मोठा दाखला उलट्या बाजूचा आहे. बालगंधर्वांची छाप रंगभूमीवर पडली होती, सुभद्रेची, भामिनीची, सिंधूची. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त शांतारामबापूंनी त्यांना संत एकनाथ केलं. पुरुषाची भूमिका, साधासुधा वेष, नाव तर मराठी माणसाच्या देवघरातलं. त्यांच्या चाहत्यांना ते रुचलं नाही. ज्यांना शालू-शेल्यात पाहायला लोक कर्ज काढून जात, ते पुरुषाच्या वेषात त्यांना आपले वाटेनात. गंधर्व परत रंगभूमीवर आले, वय वाढलं, शरीर थकलं, तरी बाईच्याच वेषात उभे राहत गेले. म्हणजे रंगभूमी मोकळं करते आणि सिनेमा बांधतो, असं सरसकट म्हणायला जागा नाही. ज्या ठिकाणी प्रेक्षक तुमच्या प्रेमात पडला, ते ठिकाण तुम्हाला बांधतं.

आता ज्या नटासाठी मी हा विषय घेतला, त्यांच्याकडे येतो. निळू फुले.

पुण्याचा, १९३० सालचा जन्म. राष्ट्र सेवा दलात वाढलेला, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला माणूस. सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यात आला. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगातलं त्यांचं काम पाहून अनंत माने यांनी त्यांना १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेले अण्णा केलं. तिथून पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पाटील, सरपंच, सावकार, कारखान्याचा चेअरमन. तिरकी मान, अर्धवट मिटलेले डोळे, घशातून घासत येणारा आवाज. बायाबापड्या त्यांना प्रत्यक्ष समोर पाहून बोटं मोडत. आज ज्या पोरांनी त्यांचा एकही सिनेमा धड पाहिलेला नाही, तीसुद्धा वाड्यावरच्या त्या आमंत्रणाची नक्कल करतात. असा खलनायक प्रत्यक्षात अंधश्रद्धेविरुद्ध बोलायचा, सामाजिक कामासाठी पदरमोड करायचा, हा विरोधाभास सांगून सांगून गुळगुळीत झालाय, म्हणून तो इथेच सोडतो. मला रस आहे तो त्यांनी नाटकात काय केलं, त्यात.

१९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग, आणि सखाराम निळू फुले. छापेतून सुटायला म्हणून त्यांनी ही भूमिका घेतली, असं मी म्हणणार नाही. चांगल्या नटाकडे चांगली भूमिका आली, त्याने ती घेतली. पण परिणाम काय झाला ते बघण्यासारखं आहे. सखाराम छापखान्यात पुस्तकं बांधणारा कामगार. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवतो. शिव्या देतो, पितो, मारतो. कागदावर हे पाटलापेक्षाही वाईट. सिनेमातला निळू फुले डोळ्यांपुढे ठेवून आलेल्या प्रेक्षकाला वाटलं असणार, हा तर आपला नेहमीचाच.

आणि तिथेच तेंडुलकरांनी आणि निळूभाऊंनी मिळून प्रेक्षकाला फसवलं. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात सखाराम लक्ष्मीला घरात घेऊन येतो आणि घराचे नियम सांगतो. जेवायला काय मिळेल, लुगडी किती, कुणाशी बोलायचं नाही, पटलं नाही तर कधीही जायची मोकळीक, जाताना भाडं आणि लुगडं देऊन पाठवणी. सिनेमातला पाटील गोड बोलतो आणि मागून गळा धरतो. हा माणूस सगळं उघड, तोंडावर, ठेकेदारासारखं बोलतो. त्याला नीती आहे, आपल्या घडणीची, आपल्यापुरती. पाटलाच्या मागे वाडा असतो, जमीन असते, पोलीस असतात. सखारामच्या मागे दोन खोल्यांचं घर आणि एक मृदंग. प्रेक्षक खलनायक बघायला बसलेला, आणि अर्ध्या तासात त्याला कळेनासं होतं की या माणसाचा राग करायचा की कीव.

मग चंपा येते. लक्ष्मीपुढे दादागिरी करणारा हा गडी चंपेपुढे विरघळतो. तो तिच्या नादाने पीत जातो, कामाला दांड्या मारतो, आणि मर्दानगीचा जो तोरा घेऊन तो वावरतो, तो त्याच्याच घरात फाटत जातो. शेवटी तो चंपेचा गळा दाबतो. सिनेमात खलनायक मेला की टाळ्या पडतात. इथे तो जिवंत राहतो, हातपाय गळून उभा, आणि पुढचं सगळं लक्ष्मी निस्तरते. नायक येत नाही, न्याय होत नाही, नटाला सुटकेचा एकही क्षण मिळत नाही.

काही प्रयोगांनंतर सेन्सॉर मंडळाने नाटकाची परवानगी काढून घेतली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकून आले. ती हकीगत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये लिहून ठेवलीय, ती मुळातूनच वाचा.

या प्रयोगात निळूभाऊंनी सिनेमातली छाप पुसली, असं मला वाटत नाही. त्यांनी ती वापरली. प्रेक्षक जी ओळख घेऊन आला होता, तिच्यावरच नाटक रचलं गेलं. एखाद्या अनोळखी नटाने सखाराम केला असता तर तो एक वाईट माणूस झाला असता. निळू फुल्यांनी केला म्हणून, आपण ज्याला वाईट माणूस म्हणून ओळखत होतो तो माणूस झाला. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकी उदाहरणं त्याच्या भोवतीची. कुरूप भूमिका घेतली म्हणून कोणी छापेतून सुटत नाही. प्रेक्षकाच्या मनातल्या त्या ओळखीला हात घालणारी भूमिका लागते.

जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. त्यातले अप्पाजी म्हणजे जुने गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक, आणि मुलगा मुख्यमंत्री. सत्तेने सडलेल्या मुलाशी हा थकलेला बाप भांडतो. सिनेमात ज्या सत्तेचा चेहरा निळू फुले होते, त्याच सत्तेविरुद्ध रंगमंचावर तेच उभे. या भूमिकेसाठी त्यांना नाट्यदर्पणचा पुरस्कार मिळाला. खाली पाहत बोलणारा, आवाज न चढवणारा म्हातारा. सेवा दलातला मूळ माणूस इथे भूमिकेच्या जवळ आला, हे खरं, पण म्हणून ती सोपी झाली असं समजू नका. स्वतःसारखी भूमिका करताना नट हमखास ढिला पडतो.

आता या सगळ्याचा सिनेमावर काय परिणाम झाला? इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. सखाराम गाजला, अप्पाजी गाजले, आणि सिनेमातल्या निळू फुल्यांना पुढेही पाटीलच मिळत राहिले. हिंदीत गेले तिथेही, ‘सारांश’मध्ये १९८४ साली, भ्रष्ट पुढारी. ग्रामीण सिनेमाच्या निर्मात्याला नाटकातला सखाराम कशाला हवा होता? त्याला चेहऱ्याची बचत हवी होती, ती होतच होती.

पण दोन सिनेमे निराळे निघाले. १९७५ चा ‘सामना’ आणि १९७९ चा ‘सिंहासन’. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील हा पुन्हा पाटीलच, साखर कारखानदार, पण डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तरांसमोर बसलेला तो माणूस एकाकी आहे, हुशार आहे, आणि भ्यालेला आहे. बर्लिनच्या महोत्सवात तो सिनेमा गेला. ‘सिंहासन’मध्ये तर निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले, राजकारणाचा खेळ बघत फिरणारा आणि शेवटी बघून बघून वेडा होणारा माणूस. दोन्ही सिनेमांचे दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे नाटकवाले. दोन्हींचे पटकथाकार विजय तेंडुलकर, म्हणजे सखाराम लिहिणारे. सिनेमाच्या धंद्याने निळू फुल्यांना वाड्याबाहेर काढलं नाही. ज्यांनी त्यांना वाड्याबाहेर पाहिलं होतं, त्यांच्या हाती कॅमेरा आला तेव्हा ते बाहेर आले. नाटक केल्याने नटाची वाट बदलते ती अशी, माणसांमार्फत.

‘सारांश’चं नाव निघालंच आहे तर रोहिणी हट्टंगडींबद्दल बोलतो. ‘गांधी’ १९८२ चा. कस्तुरबा केल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या, त्या भूमिकेला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि हिंदी सिनेमाने त्यांना लगेच आई करून टाकलं. ‘सारांश’मध्ये मुलगा गमावलेली वृद्धा, आणि १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये अमिताभ बच्चन यांची आई. अमिताभ त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे! हे वाक्य नुसतं मोठ्याने म्हणून पाहिलं तरी धंद्याची तऱ्हा कळते. नायकाला वय नसतं, आईला तरुणपण नसतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडलेल्या या नटीने रंगभूमी सोडली नाही. जयदेव हट्टंगडींनी बसवलेलं ‘अपराजिता’ हे एकपात्री नाटक त्यांनी एकटीने पेललं. मागे कोणाचा मुलगा नाही, पुढे कोणाचा बाप नाही, रंगमंचावर एक बाई आणि तिचं सगळं आयुष्य.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट पुरुषांहून निराळी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. सिनेमातला पुरुष कुरूप भूमिका करायला नाटकात येतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. बाई आली की लोक म्हणतात, सिनेमात काम मिळेना वाटतं. आपल्या जबलपूरच्या जया भादुरींनी, म्हणजे जया बच्चन यांनी, अशोक पाटोळे यांचं ‘आई रिटायर होते’ हे मराठी नाटक हिंदीत ‘माँ रिटायर होती है’ म्हणून केलं, घरकामातून निवृत्ती मागणारी साधी गृहिणी. तेव्हा चर्चा भूमिकेपेक्षा पुनरागमनाचीच जास्त झाली.

डॉ. श्रीराम लागूंबद्दल खरं तर स्वतंत्र व्याख्यान हवं. थोडक्यात एवढंच, की हिंदीत त्यांनी शंभरावर सिनेमे केले आणि बहुतेकांत ते बाप, न्यायाधीश, डॉक्टर नाही तर पोलीस अधिकारी होते. यांतले किती आठवतात? पण सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली ते सॉक्रेटिस झाले, आणि ज्याने तो प्रयोग पाहिला तो विसरला नाही. लागूंनी हिंदी सिनेमाकडे पोटाची सोय म्हणून पाहिलं आणि मनाची सोय नाटकात ठेवली. असा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला छापेचा त्रास कमी होतो. सगळ्यांना तो मांडता येत नाही.

ज्यांना मांडता आला नाही, त्यांत मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याबद्दल. ‘टुरटुर’ने १९८३ मध्ये नाव झालं, मग ‘धूमधडाका’, ‘अशी ही बनवाबनवी’, आणि हिंदीत ‘मैंने प्यार किया’नंतर घरगड्यांची रांग. त्यांना सुटायचं होतं. १९९२ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ त्यांनी केला, तमाशातल्या सोंगाड्याची भूमिका. काम उत्तम होतं. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लोक मात्र गेले नाहीत. ज्या पडद्यावर त्यांनी वर्षानुवर्षं हसवलं होतं, त्याच पडद्यावर, तेच तिकीट घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी रडवायचा प्रयत्न केला. प्रेक्षकाला वाटलं, माल बदलला. रंगभूमीवर ते येत राहिले, पण तिथेही मुख्यतः हसवायलाच. २००४ मध्ये गेले. त्यांच्या वाट्याला त्यांच्या तोडीचा एखादा सखाराम, म्हणजे त्यांच्या हसण्यालाच हात घालणारी नाटकातली भूमिका, आली असती तर काय झालं असतं, या विचारातून मी अजून बाहेर पडलेलो नाही. अलीकडे भरत जाधवांनी ‘अस्तित्व’ नाटकात गंभीर भूमिका केली. ‘सही रे सही’च्या नटाला गप्प बसलेलं बघायला लोक तिकीट काढतात, ही चांगली खूण आहे.

परदेशात हे प्रकार जास्त ठरवून होतात. ‘स्टार वॉर्स’मुळे जगभर पोचलेला मार्क हॅमिल १९८१ मध्ये ब्रॉडवेवर ‘द एलिफंट मॅन’ करायला उतरला. विद्रूप शरीराच्या माणसाची ही भूमिका कसलाही मुखवटा किंवा रंग न चढवता, नुसत्या शरीराच्या वेड्यावाकड्या ठेवणीतून उभी करायची, असा नाटककाराचाच दंडक. सुंदर चेहरा तसाच ठेवून तो कुरूप वाटायला लावायचा. मला ही युक्ती फार आवडते, कारण यात नटाची ओळख झाकलेली नाही, ती प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर वाकवलेली आहे. पुढे हॅमिलने ‘आमादेउस’ या नाटकात मोत्सार्टही केला. त्या नाटकाचा सिनेमा निघाला तेव्हा मात्र दिग्दर्शकाने, लोकांना तू त्या अंतराळातल्या पोरासारखाच दिसशील, असं सांगून त्याला घेतलं नाही, ही हकीगत तो स्वतः सांगतो. निळूभाऊंची कडू बाजू तिकडेही आहे, हे बघून जरा बरं वाटतं, का वाटतं देव जाणे.

लॉरेन्स ऑलिव्हिएचं मात्र जमलं. राजेरजवाडे आणि शेक्सपिअर यांच्या छापेत अडकलेला हा सर, १९५७ मध्ये जॉन ऑस्बर्नच्या ‘द एंटरटेनर’मध्ये पडक्या तमाशाघरातला पांचट, खचलेला विनोदवीर झाला. त्या काळातल्या तरुण, रागावलेल्या नाटककारांच्या घरी तो आपणहून गेला. मोठ्या नटाने लहानांच्या दारात जाणं, याला आपल्याकडे फारसा रिवाज नाही.

आज मराठीत हा विषय परत निघायचं एक कारण सयाजी शिंदे आहेत. सातारा जिल्ह्यातला माणूस, पाटबंधारे खात्यात चौकीदारी केलेली, ‘झुलवा’ने रंगभूमीवर नाव झालं. ‘शूल’मधला बच्चू यादव १९९९ चा. त्यानंतर लगेच, २००० मध्ये, तमिळ सिनेमाने त्यांना ‘भारती’मध्ये महाकवी सुब्रह्मण्य भारती केलं होतं, ही गोष्ट मराठी माणूस सहसा विसरतो. पण दक्षिणेने पुढे त्यांना भ्रष्ट मंत्री आणि गुंडच दिले. सखाराम त्यांनी पूर्वी केला होता, आणि २०२५ मध्ये त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. निळू फुल्यांसारखीच इथेही छाप आणि भूमिका एकमेकांना भिडतात, फक्त आता पाटलाच्या जागी मंत्री. पन्नास वर्षांत खलनायकाची खुर्ची बदलली, सखारामचं घर तेच राहिलं. या प्रयोगाने हैदराबादचा एखादा निर्माता त्यांना वेगळी भूमिका देईल, असं मला अजिबात वाटत नाही. तरी त्यांनी तो करावा, आणि आपण तो बघावा.

आता परत वैनगंगेकाठी येऊ. झाडीपट्टीच्या, म्हणजे मंडईतल्या याच नाटकांच्या, रंगभूमीला छापेचा रोग नाही, असं मी पूर्वी बिनदिक्कत म्हणत असे. कारण सरळ आहे. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांचा मुक्काम असतो. दिवाळी ते होळी असा हंगाम, एका मंडळीत मोजके नट, एका हंगामात कित्येक नाटकं. काल जो बाप होता तो आज दरोडेखोर, उद्या सासरा. छाप परवडायला बाजार मोठा लागतो. इथे एकाच माणसाला सगळं करावं लागतं. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या कामाचा हिशेब ५,००० वर प्रयोग आणि ८०० भूमिका असा दिला गेला. मुंबईच्या कुठल्या ताऱ्याला ८०० भूमिका करायला मिळाल्यात? आणि तरी वर्तमानपत्रांनी त्यांना काय म्हटलं? झाडीपट्टीचे दादा कोंडके! ८०० भूमिका करून शेवटी ओळख दुसऱ्याच्या छापेतून. तेव्हापासून मी ते बिनदिक्कत विधान बंद केलंय. हा रोग नटाला होत नाही, तो आपल्याला होतो, आणि वर्तमानपत्रवाल्यांना अंमळ लवकर होतो.

मंडईच्या फलकावरचा मुंबईचा नट इथे येतो तो याच रोगाच्या जोरावर. तो रात्री उशिरा येतो, दोन प्रवेश करतो, त्याच्या मालिकेतलं गाजलेलं वाक्य म्हणतो, शिट्ट्या घेतो आणि पहाटे गोंदियाहून गाडी पकडतो. बाकी नाटक स्थानिक मंडळी ओढतात. यात त्या नटाला दोष देणं सोपं आहे. त्याला तालमीला वेळ नसतो, नाइट ठरलेली असते, आणि मंडळींनीही त्याच्याकडून चेहऱ्यापलीकडे काही मागितलेलं नसतं. पण विचार करा. मुंबईत नाट्यगृहाच्या तारखा, निर्मात्याचा खर्च, समीक्षकांची नजर या सगळ्यांतून वाट काढत त्याला जी भूमिका मिळत नाही, ती इथे मंडपात हजारो माणसांसमोर मिळू शकते. मालिकेतल्या सासूने इथे मोलकरीण करावी. सिनेमातल्या नायकाने इथे कर्जात बुडालेला म्हातारा शेतकरी करावा, जो या प्रेक्षकांतल्या प्रत्येकाने घरात पाहिलेला आहे. तिथे लटकं चालणारच नाही.

इथल्या काही मंडळांचे पदाधिकारी समोर बसलेत, त्यांना माझी एक सूचना आहे. पुढच्या मंडईला मुंबईचा नट ठरवाल तेव्हा त्याला प्रयोगाच्या रात्री बोलावू नका, आठ दिवस आधी बोलवा. त्याला इथल्या लेखकाची संहिता द्या, इथल्या दिग्दर्शकाच्या तालमीत बसवा, आणि फलकावर त्याचा फोटो दंडारीतल्या गड्याच्या फोटोएवढाच छापा. त्याने नकार दिला तर त्याचं नाव कुणाला सांगू नका, दुसऱ्याला विचारा. कोणी ना कोणी तयार होईल.